पडद्यावर जिलेबी खाणारा माणूस

वाचनालयाच्या बाईंनी सांगितलं, यंदा आवडलेला सिनेमा, मालिका, गाणं, पुस्तक, सगळं लिहून द्या, आपल्या अंकात घेऊ. मी म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं वाचायला पोरांच्या पुस्तकांवर शिकले, माझं काय छापता? त्या ऐकेनात. मग घ्या.

पुस्तक आवडलं ते एका नर्सबाईचं, खेड्यापाड्यात बाळंतपणं केलेलीचं. दोनदा वाचलं. गाणं म्हणाल तर कचऱ्याच्या गाडीवर वाजतं ते. चांगलं आहे असं नाही, पण सकाळी भाकरी थापताना हात त्याच तालावर पडतो. मालिकेवर मात्र मी रुसले आहे. त्यातली सासू एका सोमवारी दुसरीच बाई झाली! चेहरा सगळा वेगळा, आणि घरात कुणाला पत्ता नाही. सून आपली त्याच तोंडानं "आई, चहा" म्हणते. मी निवडायची भाजी हातात धरून तशीच बसले.

पण खरा धक्का दिला तो सिनेमानं.

आमच्या मालकांना शुगर होती. शेतातला ऊस ट्रॉल्या भरून कारखान्याला जायचा, आणि लावणाऱ्या माणसाला साखरेची बंदी. बंदी घालणारी मीच. गुळाचा डबासुद्धा कुलपात, रोज सकाळी कारल्याचा रस. शेवटच्या दुखण्यात होळी आली. मला म्हणाले, "चमचाभर पुरण दे की गं."

मी म्हटलं, "डॉक्टरांनी न्हाय म्हणलंय."

भिंतीकडं तोंड करून पडले. आठ दिवसांत गेले. तो चमचा तेव्हापासून माझ्या घशात अडकलेला. चहातली साखर मी त्याच दिवशी सोडली.

तर ते हयात असताना इंदापूरच्या बाजारात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. हे त्या दिवशी तिथंच होते. घरी येऊन म्हणाले, "निस्ती गर्दी. च्या सुदिक मिळाला न्हाय." तो सिनेमा यंदा बारामतीला लागला. धाकटी जाऊ म्हणाली, "आक्का, चला, आपला बाजार दिसतोय म्हणं." गेलो दुपारच्या खेळाला.

हिरॉईन रडत रडत बाजारातून पळते. सगळं थेटर तिच्याकडं बघतंय. आणि तिच्या मागं, जिलेबीच्या गाड्याशेजारच्या बाकड्यावर, टोपी मागं सरकवून कोण? आमचे मालक! शर्टाला मीच लावलेलं निळं बटण, बाकीची पांढरी. गुडघ्यावर कागद, हातात जिलेबी. डोळे मिटून खात होते.

मी उभीच राहिले. "आगं बया! जिलेबी!"

मागून कोणीतरी ओरडलं, "मावशी, खाली बसा की, हितं बी गोड मिळतंय बाहेर!"

जाऊ पदर ओढायला लागली. "आक्का, काय झालं?"

"तुझं भावजी जिलेबी खात्यात!"

ती पांढरीफटक पडली. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. ती हिरॉईनकडं बघत होती ना! मलाही मग शंका यायला लागली. गेलेलं माणूस असं दिसतं का? म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा नेलं. म्हटलं, रडणारीकडं बघायचं न्हाय, बाकड्याकडं बघायचं.

"व्हय की वो आक्का!" ती माझा दंड धरून म्हणाली. "आन् जिलेबीची दुसरी कडी बी उचलली!"

बाजाराच्या दिवशी दोघी इंदापूरला गेलो. जिलेबीवाला तोच होता. मोबाईलमधला ह्यांचा फोटो दाखवला. त्यानं झारा बाजूला ठेवला.

"आबा? काकू, दर बाजाराला यायचं. दोनच कड्या. मग हात धुवायचं, बडीशेप चघळायचं. 'घरी वास लागला तर मेलो' म्हणायचं."

बडीशेप! बाजाराला निघताना त्यांच्या खिशातली डबी मीच भरून द्यायचे. पोटात गॅस होतो म्हणायचे ना!

त्याच बाकड्यावर बसले. आधी असा राग आला, असते समोर तर टोपीच फेकून दिली असती. मग हसू फुटलं. जाऊ म्हणाली, "लबाडच की वो भावजी." म्हटलं, असू दे. माझ्या हातून चमचाभर मिळालं नाही, पण तोंड गोड करूनच गेलं ते माणूस.

"दोन कड्या दे," मी त्याला सांगितलं.

खाल्ल्या. हात धुतले, बडीशेप तोंडात टाकली, आणि वाटभर चघळत आले. दारात पोचल्यावर ध्यानात आलं, आता वास घेणारं कुणी नाही.

तर बाई, सिनेमा लिहा तोच. त्याची गोष्ट काय, ते मात्र मला विचारू नका.