पोटाला लावलेला कान

काकींना हळू बोलता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडलेल्या काकांना त्या नुसतं "पाणी देऊ?" म्हणाल्या, तरी सगळा वॉर्ड वळून बघायचा. चार म्हशी जावेच्या हवाली करून त्या कसबा बावड्याहून आल्या होत्या.

माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, पण वारा सरेपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नव्हता. सिस्टर विचारायच्या आणि मी मान खाली घालायची. माझ्या इंग्रजी शाळेत असल्या गोष्टी कुणी बोलत नसे. मराठीत शब्द होते, पण तोंडातून निघत नव्हते. काकी मात्र तोंड धुऊन आल्या की विचारायच्या, "पावणं, सरला का वारा?" निखिल चादर डोक्यावर ओढायचा.

चौथ्या दिवशी त्याचं पोट ताठ झालं. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत आतडं हललं नाही, तर पुन्हा उघडून बघावं लागेल. चालवा त्यांना." निखिल उठेना. टाके ओढतात म्हणाला. मी दोनदा विनवून पाहिलं.

"म्हस फुगल्यावर आमी काय तिला इचारत बसतो व्हय?" काकींनी त्याच्या काखेत हात घातला. "उटा पावणं. बायकू बगा कशी वाळून गेलीया." त्यांनी त्याला व्हरांड्यात चार फेऱ्या घालायला लावल्या. मी सलाईनचा स्टँड ढकलत मागून.

मग त्याला निजवून त्या वाकल्या आणि पट्टीपासून लांब, कुशीला कान लावला. डोळे मिटलेले, श्वाससुद्धा धरलेला. इतक्या मोठ्या आवाजाच्या बाईला इतकं शांत होता येतं, हे मी बघतच राहिले.

"आजून वाजत न्हाय आतडं. आता तासातासानं तू ऐकायचं."

"मी? सगळ्यांसमोर?"

"नवरा तुजाच हाय न्हवं?"

दुपारी काकांना घरी सोडलं. काकींनी पिशव्या उचलल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. समोरच्या खाटेवरचे लोक बघत असताना मी वाकले. आधी नुसती ऊब लागली. मग खोलवरून एक लांबलचक गुरगुर.

मी अनवाणीच धावले. काकी रॅम्पच्या खालच्या वळणावर होत्या, काकांची व्हीलचेअर धरून. कठड्यावरून ओणवून मी ओरडले, "काकी, वाजलं! पोट वाजलं!"

त्यांनी मान वर केली.

"आगं, हळू की! म्हशी बुजत्याल बावड्यात."