जिवंत तक्ता

"शर्ट काढ."

सर हे माझ्या बापाला म्हणाले. वर्गात. सगळ्यांसमोर.

आमच्या बोलीत बापाला आबो म्हणतात. आबो वर्गाच्या दारात उभा होता. चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. हातात पिशवी होती, तिच्यात माझ्यासाठी ज्वारीचं पीठ आणि आमचूर. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. आमचं गाव तळोद्याच्या वर डोंगरात, जीप जिथे थांबते त्याच्याही पुढे. आबो अंधारात घरून निघालेला. पायी, मग जीपने तळोदा, मग एसटीने जिल्ह्याच्या गावाला. शिपायाने सांगितलं, पोरगी त्या वर्गात आहे. म्हणून तो तिथे येऊन उभा राहिला.

वर्गात स्नायू चालले होते. सर हाडांचे डॉक्टर. कॉलेजच्या दवाखान्यात बसायचे आणि आमचा तासही घ्यायचे. भिंतीवरचा तक्ता जुना, नेमका खांद्यापाशी फाटलेला. सर पट्टी टेकवून विचारत होते, हा कोणता, हा कुठून निघतो. कुणाला सांगता येत नव्हतं. सर वैतागले होते. तेवढ्यात त्यांना आबो दिसला.

"ये रे, आत ये. शर्ट काढ."

आबोला वाटलं, डॉक्टर तपासतात. त्याने पिशवी खाली ठेवली, शर्ट काढला, घडी घातली, पिशवीवर ठेवला.

"बघा," सर म्हणाले. "या लोकांना जिम लागत नाही. जंगलातलं शरीर आहे. कातडीखाली चरबी नाही, म्हणून एकेक स्नायू सुटा दिसतो. हा जिवंत तक्ता."

वर्ग हसला. मी पण हसले. हसू आलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून हसले.

सरांनी त्याला टेबल उचलायला लावलं. मग मूठ वळ. कोपर वाकव. आता सरळ कर. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, सर सांगत होते. दंडाचा पुढचा स्नायू आखडला की हात वाकतो, तेव्हा मागचा सैल पडतो. हात सरळ करायचा तर मागच्याने ओढायचं, पुढच्याने सोडायचं. आबोच्या दंडावर ते सगळं दिसत होतं. पुस्तकातून मला कळलं नव्हतं. बापाच्या अंगावरून कळलं.

"कोणाचे वडील?"

मी उभी राहिले.

"मग तूच ये. मार्कर घे. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे चिकटतो, रेघा मार. वर नाव लिही."

मी गेले. मार्कर निळा होता. मानेपासून खांद्यापर्यंत ट्रॅपिझियस. खांद्यावरचा गोल, डेल्टॉइड. बगलेखालून कमरेकडे उतरणारा लॅटिसिमस. इंग्रजीत लिहिलं सगळं. खांद्याच्या फऱ्यावर, हाडाच्या वरच्या खाचेत एक लहान स्नायू असतो, सुप्रास्पायनेटस. तो वरून दिसत नाही. मी बोटाने खाच चाचपली आणि त्यावर नाव लिहिलं.

"काम काय याचं?"

"हात बाजूला उचलायची सुरुवात हा करतो, सर."

"शाब्बास."

कॉलेजात मला मिळालेली ती पहिली शाब्बासकी. मी तिची वाट बघत होते. वसतिगृहात माझ्या मराठीला हसायचे. वर्गात मला कधी विचारायचेच नाहीत. त्या एका शब्दाने मला बरं वाटलं. आबोची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. पोरी पुढे येऊन फोटो काढत होत्या.

चरबी का नाही, ते मला माहीत होतं. पावसाळ्याच्या शेवटाला आमच्या घरातलं धान्य संपत येतं. याहकी, म्हणजे माझी आई, भाकरी आम्हा पोरांना देते आणि ती आणि आबो भाजीचं पाणी पितात. ते दिवस तेच होते. त्यातूनच पीठ काढून आबो माझ्यासाठी घेऊन आला होता. सर त्याला जंगलातलं शरीर म्हणाले. ते उपाशी शरीर होतं. मला सांगता आलं असतं. मी नावं लिहीत राहिले.

एसटी स्टँडवर आबोने विचारलं, "काय लिहिलंस?"

"स्नायूंची नावं."

"एवढी नावं आहेत माझ्या अंगात?"

"हो."

त्याने कॉलरखाली मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुला सगळी येतात."

नंतर याहकीने फोनवर सांगितलं, आबो अंघोळ करताना पाठ घासू देत नाही. गावातल्या लोकांना शर्ट वर करून दाखवतो. पोरीने लिहिलंय म्हणतो. सांगताना ती हसत होती. मी फोन कानाला धरून संडासात जाऊन उभी राहिले, कारण वसतिगृहात रडायला दुसरी जागा नव्हती.

दिवाळीनंतर आबो आणि याहकी टोळीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेले. दरवर्षी जातात. थंडीत एके दिवशी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना आबोचा पाय सरकला. मोळी सांभाळायला त्याने हात वर केला आणि हातावर पूर्ण वजन आलं. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला, असं याहकी म्हणाली. मुकादमाने तेल लावायला दिलं. आबो दुसऱ्या हाताने कोयता चालवत राहिला. होळीला गावी आला तेव्हा त्याचा उजवा हात बाजूला उचलला जात नव्हता. आमच्याकडे होळीला मोठा ढोल गळ्यात घालून नाचतात. त्या वर्षी त्याने ढोल घेतला नाही. लोकांना सांगितलं, कंटाळा आला.

मी त्याला आमच्याच दवाखान्यात बोलावलं. मला दुसरं काय माहीत होतं? माझी ड्युटी तेव्हा हाडांच्या ओपीडीत होती. सर खुर्चीत बसलेले, भोवती शिकाऊ पोरापोरींचा घोळका.

सरांनी आबोला ओळखलं नाही. नाव विचारलं नाही. म्हणाले, "शर्ट काढ."

आबो डाव्या हाताने बटणं सोडू लागला. सोडता सोडता त्याने माझ्याकडे बघितलं आणि आमच्या बोलीत हळूच विचारलं, "आज पण लिहिणार का?"

टोमणा नव्हता तो. तयारी ठेवावी म्हणून विचारलं त्याने. म्हणजे त्या दिवशीही त्याला कळलं होतं. वर्गात पाठ करून उभा असताना सगळं कळलं होतं. गावात शर्ट वर करून दाखवत फिरला, ते माझ्यासाठी. मला लाज वाटू नये म्हणून.

माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला.

सर पोरांना दाखवत होते. "इथे खड्डा बघा. स्नायू वाळलाय. आतला फाटलेला आहे, त्यामुळे हात उचलायची सुरुवातच होत नाही." त्यांनी आबोचा हात धरून बाजूला वर नेला. आबोचं कपाळ घामाने भरलं. तो हसला. परक्या माणसासमोर कण्हायचं नाही, असं आमच्यात लहानपणापासून शिकवतात. दुखलं की हसायचं.

"बघा, हसतोय," सर म्हणाले. "या लोकांना दुखणं कमी असतं. सवय असते. गोळ्या लिहून देऊ. ऑपरेशन करून काय करणार आहे? परत तेच ओझं उचलणार." आणि हात आणखी वर नेला. एका पोराने मोबाईल काढला.

"थांबा, सर."

आवाज माझाच होता. मोठा नव्हता.

"त्याला दुखतंय. हात खाली घ्या."

सरांनी हात सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिले.

मी पुढे गेले. आबोचा हात त्यांच्या हातातून काढून घेतला, खालून आधार देऊन हळूहळू खाली आणला. मोबाईलवाल्या पोराला म्हटलं, "फोटो पुसून टाक." त्याने पुसला. मग आबोच्या अंगावर शर्ट टाकला.

"हे माझे वडील आहेत," मी म्हणाले. "आधी नाव विचारा. मग हात लावा."

"तू मला शिकवणार?"

"हो, सर. एवढं शिकवणार."

केर काढणाऱ्या मावशी दारात होत्या, त्या फक्त एवढं म्हणाल्या, "पोरी, काय करी ऱ्हायनी तू." आणि मला वाट द्यायला बाजूला झाल्या.

त्याच दुपारी माझी ड्युटी बंद झाली. प्राचार्य मॅडमनी बोलावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "माफी लिहून दे. सर रागात आहेत, पण मनाने चांगले आहेत. तू माफी लिहून दिलीस तर तुझ्या वडिलांचं ऑपरेशन ते स्वतः करतील, असं म्हणालेत. नाही दिलीस तर हे वर्ष तुला पुन्हा करावं लागेल."

मी खोलीत आले. माझ्या खोलीत शहाद्याकडची प्रणाली राहायची. तिच्या घरी केळी, ऊस. मनाने चांगली पोरगी. ती म्हणाली, "लिखी दे ना वं. दोनच ओळी शेतस. तुन्हा बापना हातना सवाल शे."

तिचं खरं होतं, सवाल बापाच्या हाताचा होता. मला त्याचंच भय वाटत होतं.

आबो खाली गेटपाशी बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, झुकू नको. गोष्टीत बाप असंच म्हणतात.

आबो म्हणाला, "मला हात पाहिजे."

मी त्याच्याशेजारी खाली बसले.

"मोळी कोण उचलणार? याहकी? तू लिही. मला काय झालं? मला काही झालं नाही."

"झालं, आबो."

"मला झालं ते मी बघतो. तू लिही."

मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. तो डाव्या हाताने उजवं कोपर धरून बसला होता. मी लिहिलं नाही.

हे मी बापाच्या शब्दाविरुद्ध केलं. त्याला हात पाहिजे होता. पाहिजे म्हणाला होता, स्पष्ट. ठरवणारी मी कोण? त्याच्या अंगावर मार्कर चालवताना मी त्याला विचारलं नव्हतं, आणि माफी नाकारतानाही त्याचं ऐकलं नाही. दोन्ही वेळा शरीर त्याचं, निर्णय माझा. यातून मी अजून सुटलेले नाही. कुणी मला शूर म्हणालं की मला त्या गेटपाशी बसलेला आबो दिसतो.

मी त्याला जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. कागद, फेऱ्या, आज या, उद्या या, मशीन बंद आहे. त्यात पावसाळा लागला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बघितलं. "नाव काय दादा तुमचं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा आबो माझ्याकडे बघायला लागला. बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं, पाड्याचंही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

मग खांद्याचा मशीनवर काढलेला फोटो उजेडावर धरून त्या माझ्याशी बोलल्या. सुप्रास्पायनेटस पूर्ण तुटला होता. तुटलेलं टोक आत ओढलं गेलं होतं. स्नायूला काम मिळालं नाही की तो वाळतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. मग शिवला तरी धड ओढत नाही.

"लवकर आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"किती लवकर?"

"पडल्यावर लगेच. निदान होळीला तरी."

होळीला. म्हणजे ज्या दिवशी मी सरांच्या हातातून त्याचा हात काढून घेतला, त्या सुमाराला. मी तेव्हा लिहून दिलं असतं तर त्याच आठवड्यात टेबलावर घेतलं असतं का? सरांनी शब्द पाळला असता का? माहीत नाही. कधीच माहीत होणार नाही.

ऑपरेशन झालं. आता आबोचा हात खांद्यापर्यंत येतो. त्यावर येत नाही. घास घेता येतो, डोक्याला टॉवेल बांधता येत नाही. टॉवेल याहकी बांधून देते. ऊसतोडीला ती एकटी जाते, टोळीतल्या दुसऱ्या बायकांबरोबर. यंदा तिचा खांदा दुखतो म्हणते. मी फोनवर विचारते, कुठे दुखतं, हात बाजूला उचल, किती जातो सांग. ती हसते. मी तिला सांगितलंय, माझ्यासमोर हसायचं नाही. दुखलं तर ओरडायचं.

आबो मला काही बोलला नाही. रागावला नाही, माफही केलं नाही. मी विचारलेलं नाही. ज्याचा हात गेला त्याच्याकडून मन हलकं करून घ्यायला जायचं, हे मला जमणार नाही.

मी ते वर्ष पुन्हा करते आहे. त्याच कॉलेजात. मॅडम अजून अधूनमधून म्हणतात, दोन ओळी लिहून दे, विषय संपव. सर मला वर्गात प्रश्न विचारत नाहीत. तोंडी परीक्षा त्यांच्याच हातात आहे आणि ते मला नापास करू शकतात. करू देत. पुढच्या खेपेला पुन्हा बसेन. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

मागच्या आठवड्यात अक्कलकुव्याकडची एक म्हातारी ओपीडीत आली. सरांनी तिला टेबलावर बसवलं, पोरांना बोलावलं, आणि पदराला हात घातला. मी भिंतीला उभी होते. मला पुढे यायची परवानगी नव्हती. मी पुढे आले. पडदा ओढला. सर आणि पोरं बाहेर, आम्ही दोघी आत. तिच्या बोलीत तिला विचारलं, नाव काय, कुठे दुखतं, बघू का.

पडद्याबाहेरून सर म्हणाले, "यावेळी कॉलेजातून काढतील तुला."

"काढा," मी म्हणाले. "ती हो म्हणेपर्यंत पडदा उघडणार नाही."