आईचा गाण्याचा डबा आणि माझे चौदा मुद्दे

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. ही सवय घरी येताना गेटवर काढून ठेवता येत नाही. त्यामुळे गावाहून अण्णांचा फोन आला आणि ते म्हणाले, "तुझ्या आईला गाण्याचा डबा पायजे," तेव्हा मला त्या मागणीतच दोष दिसला!

गाण्याचा डबा म्हणजे तळहाताएवढा प्लेअर. आत कार्ड, कार्डात पाचशे अभंग-गवळणी आणि वर चार ठसठशीत बटणं. अण्णांनी तो चाकणच्या बाजारात पाहिला होता. (आई-अण्णा चाकणच्या पलीकडं गावात राहतात, आम्ही इकडं शहरात, रहाटणीत.)

"अण्णा, आजकाल डबा कोण घेतं? मी तुम्हाला फोन घेतो. दोन वर्षांचा प्लॅन घेतला की कंपनी नवाकोरा फोन सोबतच देते."

"पर तिला गाणीच ऐकायचीत."

"फोनवर पण गाणी वाजतात!"

"बटणं हायत का त्याला?"

"बटणांचा जमाना गेला, अण्णा."

"अहो, त्यांनी डबा मागितलाय ना, मग डबाच द्या की," माझी बायको सुनीता म्हणाली. मी लॅपटॉप उघडून तक्ता केला. डावीकडं फोन, उजवीकडं डबा, आणि चौदा मुद्दे. (आमच्याकडं कंपनीत झाडू घ्यायचा तरी तक्ता होतो.) तेरा मुद्दे फोननं मारले. डबा एकाच मुद्द्यावर जिंकला, तो म्हणजे पडल्यावर न फुटणे.

आमच्या कोपऱ्यावर रफीकभाईंचं मोबाईलचं दुकान आहे. प्लॅनचे कागद त्यांच्याकडंच भरले. ते सही घेता घेता म्हणाले, "दादा, अम्मीसाठी ना? डबाच न्या. म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला बटण लागतं." मी त्यांना तक्ता दाखवला. रफीकभाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि मुकाट्यानं फोन पिशवीत घातला.

गावी गेल्यावर अण्णांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "कॅमेरा हाय का ह्याला?"

"पुढून पण आणि मागून पण!" मी छाती काढून सांगितलं. अण्णा एकदम गंभीर झाले. आईनं काचेवरून अंगठा फिरवला. "लई गुळगुळीत हाय रे. सुरू कुठून करायचं?" मी दोनदा दाखवलं, तिनं दोनदा मान डोलावली. प्लॅन अण्णांच्याच नंबरावर होता, त्यामुळं त्यांचं सिम त्यात टाकून त्यांचा जुना बटणांचा फोन मी खिशात घातला, म्हणजे पळवाटच नको!

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर काळाकुट्ट अंधार.

"अण्णा, लाईट गेलेत का?"

"न्हाई, लख्ख हायत की! तुमी झ्याक दिसताय!"

मग आईचा आवाज आला. "सावे, निळा फ्रॉक लई शोभतोय गं!" माझी लेक सावी पिवळ्या गणवेशात उभी होती. तिला बाजूला घेऊन मी पुढं झालो. "अगं सूनबाई," आई कळवळली, "किती बारीक झालीस! जेवत न्हाईस का?" माझं वजन ब्याऐंशी किलो आहे. मिशी वेगळी!

मी तिथल्या तिथं निदान केलं. एक, कॅमेरा मेलेला. दोन, स्क्रीन खोटे रंग दाखवतो. तीन, स्क्रीन माणसाला बारीक करतो. सुनीता म्हणाली, "तिसरा दोष असू द्या. तो फोन मला द्या, मी राहते त्यात."

आठवडाभरात चौथा दोष सापडला. फोन बंदच व्हायचा नाही. आमच्या घरात फोन मोठ्या माणसानं ठेवायचा असतो. मी आधी ठेवला तर अण्णा दुसऱ्या दिवशी विचारतात, "साहेबांना काल लई घाई हुती का?" त्यामुळं "ठेवा अण्णा" म्हणून मी थांबायचो. अण्णा "ठेवतो" म्हणायचे, आणि पुढं दहा मिनिटं मला त्यांच्या कोंबड्या ऐकू यायच्या. मी रफीकभाईंना फोन करून यथेच्छ भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "नव्या फोनला चार-चार फॉल्ट? कुछ तो गडबड है, दादा. एकदा घेऊन तर या."

रविवारी फोन आणायला जायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी ते कळवायला अण्णांना फोन केला. बोलणं झालं, अण्णा "ठेवतो" म्हणाले आणि नेहमीप्रमाणे ठेवला गेलाच नाही. आम्ही जेवायला बसलो होतो. फोन स्पीकरवर, ताटाशेजारी.

"उद्या पोरगं येतंय," अण्णांचा आवाज आला. "आता तरी सांगू का त्याला तुझ्या डोळ्यांचं?"

"अजाबात न्हाई! मोतीबिंदू म्हनलं की उचलून न्हेईल दवाखान्यात. ऑपरेशनात हाय त्ये बी गेलं तर? आता सावीचा आकार तरी दिसतोय."

"मग डब्याचं तरी बोलतो. बटण हाताला लागंल तुझ्या. ह्या काचेवर काय लागतंय?"

"नगा. हौसेनं आणलाय त्यानं. मी आपली हातात धरून बसते. त्याला बरं वाटतं."

माझा घास हातातच राहिला. सावी म्हणाली, "बाबा, आजीला दिसत नाही?" सुनीता उठून आत गेली. रोज मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस मी! आई मला सूनबाई म्हणाली तेव्हा मी दोष काढला तो फोनमध्ये. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सकाळी मी रफीकभाईंच्या दारात शटर वर जायची वाट बघत उभा होतो. मी डबा मागितला, तसा त्यांनी तो काढला. बटणं दाबून पाहिली, अभंग लावून पाहिला. "तक्ता नाही आणला?" एवढंच म्हणाले.

गावी पोचल्यावर आधी फोन हातात घेतला. दोन्ही कॅमेऱ्यांवर लाल स्टिकर! त्यावर बारीक अक्षरात नंबर आणि खाली अण्णांची सही.

"अण्णा, हे काय?"

"काय म्हंजे? तीस वर्षं कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत काढली. कॅमेऱ्याचा फोन बिनस्टिकरचा कधी आत सोडला न्हाई. माझ्याच घरात कसा सोडीन?"

स्टिकरांचं एक उरलेलं रीळ त्यांनी कपाटात जपून ठेवलं होतं. समोरच्या स्टिकरखाली कॅमेऱ्याशेजारचा सेन्सरही झाकला गेला होता. त्यामुळं व्हिडिओ नसला, नुसतं बोलणं सुरू झालं की फोनला वाटायचं आपण कानालाच आहोत, आणि स्क्रीन अंधारून जायचा. लाल बटण दिसायचंच नाही, मग अण्णा ते दाबणार कसं! फोन ठणठणीत होता.

मी डबा आईच्या हातात ठेवला. तिचा अंगठा चाचपडत फिरला, पहिल्या बटणावर थांबला, आणि खोलीत टाळ वाजले. आईचा चेहरा फुलला. मी तिच्याशेजारी बसलो.

"आई, डोळे दाखवायला जायचंय."

आई अण्णांवर उसळली. "सांगितलंत ना शेवटी!"

"देवाशप्पथ न्हाई!"

"तुम्हीच सांगितलंत," मी म्हणालो, "मी फोनवर होतो."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला भ्या वाटतं रे. पार अंधार झाला तर?"

"मलाही वाटतं," मी म्हणालो. ते खरंच होतं. मग ती हळूच म्हणाली, "डबा न्हेऊ देत्याल का आत?"

ऑपरेशन चिंचवडला झालं. आई आत असेपर्यंत अण्णा बाहेर डबा छातीशी धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. आईनं दोन-तीनदा पापण्या मिटल्या-उघडल्या आणि सावीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तुझ्या हनुवटीवर तीळ हाय व्हय गं!" सावी सहा वर्षांची आहे. तो तीळ जन्मापासून आहे. सुनीता रडायला लागली, अण्णांनी भिंतीकडं तोंड केलं.

मग आई माझ्याकडं वळली. मी भरल्या डोळ्यांनी पुढं वाकलो. ती बघतच राहिली. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, मागं नेला, अजून मागं नेला, थेट मानेपर्यंत.

"अगं बाई! केस कुठं गेले तुझे?"

"गेले, आई. चार वर्षं झाली."

आईनं पदर तोंडाला लावला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एवढं झालं, आन् मला कुणी सांगितलं न्हाई? आईपास्नं असलं लपवत्यात का रे!"