दाजींनी आवळलेली सुई
काही वर्षांपूर्वी अधिक महिन्यात, जावयाच्या धोंड्याच्या जेवणानंतर, भवानी पेठेतल्या आमच्या गच्चीवर थोरल्या भावाच्या छोट्या विमानाचं नवं इंजिन जाम झालं. परवा एका दुकानात एरंडेलाचा वास आला आणि ती दुपार आठवली. विमान भावाने वर्षभर राबून बनवलं होतं आणि येत्या रविवारी तो ते पहिल्यांदा उडवणार होता. इंजिन मुठीएवढं, नवं असताना त्याला भरपूर एरंडेल मिसळलेलं इंधन पाजून, धूर ओकत, सावकाश पळवावं लागतं; भाऊ तेच करत होता. "लई धूर टाकतंय की," म्हणत चिंचोळीच्या कारखान्यात फिटर असलेले दाजी इंधनाची सुई आवळायला वाकले. "दाजी, हात नका लावू, तापंल ते," भाऊ म्हणाला. वडील कडाडले, "जावयाला असं बोलत्यात व्हय? सरक तिकडं." भाऊ सरकला. सुई आवळताच इंधन आणि त्यातलं तेल कमी झालं, धूर थांबला, इंजिन किंचाळायला लागलं. "बघा, आता कसं पळतंय!" दाजी म्हणाले आणि वडिलांनी मान डोलावली. तेवढ्यात विमानाचा पंखा खटकन थांबला. "मालच हलका हाय," दाजी म्हणाले. ते निघताना वडिलांनी धोंड्याच्या वाणाचा चांदीचा दिवा भावाच्याच हाताने त्यांना दिला. विमान अजून माळ्यावर आहे. परवा घरी आल्यावर मी पंखा फिरवून पाहिला. तो हलला नाही.