खुर्चीमागचे अण्णा

आमच्या सेवा क्लबच्या प्रत्येक नेत्रशिबिरात अण्णा तपासणीच्या खुर्चीमागे उभे असतात. छातीवर क्लबचा बिल्ला, हात पाठीशी बांधलेले, आणि काहीही सांगा, उत्तर एकच: "सरी, सरी," म्हणजे कन्नडमधलं बरं, बरं. मला या कानडी शहरात पहिल्यांदा घरी जेवायला त्यांनीच बोलावलं. तरी खुर्चीमागे उभे असताना त्यांचे ओठ सारखे का हलतात, हे मला खटकायचं.

शहराजवळच्या आनेकल गावातल्या शिबिरात एका म्हाताऱ्या अक्कांनी तक्त्यावरची कन्नड अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटली. डॉक्टर म्हणाले, "नजर उत्तम. चष्मा नको." उठल्यावर मात्र अक्कांना स्वतःच्या चपला दिसेनात.

मी अण्णांना बाजूला घेतलं. "तुम्ही अक्षरं सांगत होता ना?"

"स्वल्प हळू बोल रे. तिला वाचता येत नाही. रांगेत सगळा गाव उभा आहे, हसले असते."

"पण त्यापायी तिला मिळणारा चष्मा गेला ना!"

अण्णा छातीवरचा बिल्ला सरळ करू लागले. आजवर किती जणांना त्यांनी असं चष्म्याविना घरी पाठवलं असेल? माझ्या आईलाही अक्षरओळख नाही. त्यामुळे मला धड रागावताही येईना.

मी डॉक्टरांना दुसरा तक्ता लावायला सांगितला. त्यात वाचायचं नसतं, चिन्हाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते फक्त हाताने दाखवायचं. अक्का पुन्हा बसल्या. अण्णा पुन्हा खुर्चीमागे आले.

"अण्णा, तुम्ही चहाचं बघा."

"सरी," म्हणून ते गेले.

अक्कांना मोठा नंबर निघाला. जाताना त्या चाचपडत चहाच्या टेबलापाशी गेल्या आणि अण्णांना हात जोडले. माझ्याशी बोलल्यासुद्धा नाहीत.