आप्पांच्या देखत

उमाजींची उभी हयात बीदरची बस चालवण्यात गेली. भालकीकडच्या शेतकरी घरातला हा माणूस शहरात येऊन गौलीगुडा वस्तीत दोन खोल्या घेऊन राहिला, तिथंच संसार केला, तिथंच बायको गेली. एकुलती एक लेक त्रिवेणी ऐन तिशीत विधवा झाली, तेव्हा ते स्वतः जाऊन तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन आले. वाटेत एवढंच म्हणाले, "मी आहे ना."

तेच उमाजी नोकरीतून मोकळे झाल्यावर काही वर्षांत घराच्या कोपऱ्यावर उभे राहून लोकांना विचारू लागले, "भाई, गौलीगुडा किधर पडता?" मग गॅस चालू राहू लागला, शर्टाची बटणं जुळेनाशी झाली. कधी ते त्रिवेणीला "वहिनी" म्हणायचे आणि जेवणाबद्दल तिचे आभार मानायचे.

नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, आणि त्यावर इलाज नाही हेही सांगितलं. त्रिवेणीने घरी येऊन वेगळंच सांगितलं. "रक्त कमी झालंय म्हणे, आप्पा. टॉनिक दिलंय." उमाजींनी मान डोलावली. त्या दिवसापासून घरात त्या आजाराचं नाव कुणी काढलं नाही.

त्रिवेणी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. ती कामावर गेली की आजोबांजवळ तिची लेक भाग्यलक्ष्मी थांबायची. पोरगी हुशार, पण कॉलेज बुडत चाललं. एके दिवशी आजोबांना आंघोळ घालून ती ओल्या कपड्यांनी दारात बसली होती. त्रिवेणीला तिच्या चेहऱ्यावर आपलाच थकवा दिसला. उद्या मला हेच झालं तर ही पोर अशीच बसणार. आप्पांना निदान आम्ही दोघी आहोत, हिला कोण?

तेव्हा खाजगी विमा कंपन्या नव्यानेच आल्या होत्या. त्रिवेणीचा आतेभाऊ विकास अफझलगंजातली दुकानाची नोकरी सोडून टाय लावून पॉलिस्या विकत हिंडायचा. त्रिवेणीने त्यालाच बोलावलं. गंभीर आजारांच्या विम्याची माहितीपत्रकं त्याने पलंगावर पसरली.

"हार्ट अटॅक, कॅन्सर, किडनी, लकवा. सगळं आहे बघ, अक्का. आजार निघाला की रक्कम हातात."

"विसरायचा आजार?"

विकास गडबडला. "तो कोण घेतं? लोक हार्टचं विचारतात."

"मला तोच पाहिजे."

त्याने दोन-तीन पत्रकं उलटीपालटी केली. तो आजार एकाच कंपनीच्या यादीत होता. तोही साठीच्या आत जडला तर आणि माणूस पूर्ण दुसऱ्याच्या आधारावर आला तरच. आप्पांना साठीनंतर जडला होता. तरी त्रिवेणी म्हणाली, "हीच घेऊ."

तो एकेक प्रश्न वाचू लागला, ती उत्तरं देत गेली. उमाजी खिडकीजवळच्या खुर्चीत बाहेर बघत बसले होते. मध्येच विकासचा आवाज खाली आला. "आई-वडिलांपैकी कुणाला हा आजार? 'नाही' लिहितो."

"नक्को. उद्या हेच कारण दाखवून माझ्या पोरीला दारातून परत लावतील."

"अक्का, खरं लिहिलं तर या आजाराचा विमा ते देणारच नाहीत. मामाचे कागद कोण बघायला येतंय?"

त्रिवेणीने खिडकीकडे बघितलं. 'नाही' लिही म्हणायला तिची जीभ वळेना. ज्या माणसाला रोज हाताने भरवायचं, त्याला काही झालंच नाही असं कसं म्हणायचं? शेवटी ती म्हणाली, "लिही. माझ्या वडिलांना आहे. मेंदू झिजायचा आजार आहे, बरा होणारा नाही."

"कुणाला?"

दोघांनी दचकून बघितलं. उमाजी खुर्चीत वळले होते. किती दिवसांनी त्यांची नजर अशी स्वच्छ झाली होती.

"मला?" त्यांनी विचारलं. "म्हणून मला घर सापडत नाही?"

त्रिवेणी त्यांच्या पायाशी जाऊन बसली. खोटं बोलायचं बळ आता तिच्यात नव्हतं. "हौ, आप्पा."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि तू हे कागद कशाला करतेस? तुलाही होणार?"

"होईलच असं नाही."

"माझ्याकडून तुला?" त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बेटा, तुला द्यायला माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं का गं?" आणि हा कधी न रडलेला माणूस हुंदके देऊन रडू लागला. विकासने कागद गोळा केले आणि चपला घातल्या.

सकाळी उमाजी सगळं विसरले होते. विकास आला होता हेसुद्धा. पण रडू मात्र गेलं नाही. चहा पिताना डोळे भरून यायचे, बटणं लावताना यायचे. "काय झालं, आप्पा?" म्हणून भाग्या विचारायची, तेव्हा ते ओशाळून म्हणायचे, "कळत नाही बाई. कुणाचं तरी काहीतरी वाईट झालंय माझ्या हातून." त्रिवेणी पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायची. आठवण गेली आणि दुःख तेवढं मागं राहिलं, याला काय करावं हे तिला कुणी सांगू शकलं नाही.

खरं तेच लिहून पाठवलेल्या फॉर्मवर कंपनीचं उत्तर आलं. बाकी सगळे आजार कबूल, तो एक वगळून. विकास म्हणाला, "हार्ट-कॅन्सरचा तरी घे." त्रिवेणीने घेतला, कारण भाग्याला तेवढा तरी आधार.

उमाजी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी शेवटी बोलणंही गेलं होतं, डोळे मात्र ओलेच असायचे.

दिवस-पाणी उरकल्यावर मायलेकी आप्पांचे कपडे बांधत होत्या. त्रिवेणी म्हणाली, "भाग्या, मला हे झालं तर मला संभाळायला कुणीतरी ठेव, कॉलेज-नोकरी सोडू नकोस. आणि माझ्यादेखत त्या आजाराचं नाव काढू नकोस."

"खोटं बोलू तुझ्याशी?"

"हौ."

भाग्यलक्ष्मीने आजोबांचा खाकी शर्ट घडी केला, परत उलगडला, आणि त्यात तोंड खुपसून बसली.