कारवारला नसलेल्या पायऱ्या

या ग्रुपवर मी दोन-तीन वर्षं नुसता वाचक आहे. तुमचे गूढ अनुभव वाचून हसायचो, हे आधीच कबूल करतो. देवळात जायचं, हात जोडायचे, प्रसादाचा पोंगल खायचा आणि घरी यायचं... एवढाच माझा त्या जगाशी संबंध. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. जे झालं ते त्यात बसतच नाही.

मी म्हैसूरचा, जयलक्ष्मीपुरमला राहतो. इथे आमच्या किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक, पण घरात अजून मराठीच, निम्मं कन्नड मिसळलेलं. वडील, म्हणजे अप्पा, शिंपी. पन्नास वर्षं मशीन चालवली, पण नंजनगूडच्या जत्रेपलीकडे कधी गेले नाहीत. समुद्र पाहिलेला नव्हता.

मी एका ट्रॅव्हल वेबसाइटसाठी घरी बसून गावांची ओळख लिहितो. कुठे राहाल, काय खाल, काय पाहाल. यातली बहुतेक गावं मी पाहिलेली नाहीत. या धंद्यात कुणी पाहत नाही! चार साइट उघडायच्या आणि पाचवी तयार करायची.

दोन वर्षांपूर्वी कारवारचं काम आलं. छोटं शहर, समोर समुद्र, पाठीला लगेच डोंगर, त्यामागे वाघाचं जंगल, काळी नदी समुद्राला मिळते तिथला पूल... सगळं नेटवर मिळालं. पण एडिटरला ‘कुणालाच माहीत नसलेलं’ एक ठिकाण हवं होतं, तेही संध्याकाळच्या आत. मी दिलं ठोकून — डोंगराच्या कडेनं कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरतात, खाली मूठभर वाळू, चिटपाखरू नाही. पहिल्या खर्ड्यात त्या वाळूवर उलटी घातलेली एक निळी होडीसुद्धा होती. लेख लांबला म्हणून ती मी काढून टाकली. तो खर्डा कुणी वाचला नाही, मी सेव्हही केला नव्हता. हे लक्षात ठेवा.

आई गेल्यापासून अप्पा फारसे बोलत नव्हते. बरं वाटेल म्हणून लेख त्यांना मराठीत वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर म्हणाले, “नोडु, हे बघ, त्या पायऱ्या बघायच्या मला. समुद्र दाखवतो, दाखवतो म्हणून तुझ्या आईला सुम्ने, उगाच सांगत राहिलो. आता माझा तरी बघून होऊ दे.”

मला सांगताच आलं नाही. आमचा पोरगा गावं फिरून लिहितो, असं ते विठ्ठलाच्या देवळात सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. वाटलं, नेऊन आणतो. पायऱ्या सध्या बंद आहेत म्हणतो, बीच दाखवतो, झालं. एक खोटं निस्तरायला दुसरं खोटं, त्यात मी चांगलाच तयार होतो.

कारवारला बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. पहिल्या दिवशी अप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अर्धा तास पाण्यात उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझी ऑनलाइन मीटिंग लागली. “तू काम कर रे, मी स्वल्प फिरून येतो,” म्हणून ते बाहेर पडले. तासाभरानं फोन आला.

“अरे, सापडल्या की रे पायऱ्या!”

“कुठल्या पायऱ्या, अप्पा?”

“कुठल्या म्हणजे? तू लिहिलेल्या! अय्यो, काय जागा रे! खाली वाळू आहे, कोण पण नाही. एक होडी आहे निळी, उलटी घातलेली. बसायला बरी होईल.”

लॅपटॉपवर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं.

“अप्पा, उतरू नका! तिथंच थांबा, मी येतो.”

“पाच मिनिटं रे. लाटा ऐक तू.”

त्यांनी फोन पुढे धरला असावा. लाटा ऐकू येत राहिल्या. मी ओरडत होतो, पलीकडून फक्त लाटा. मग फोन कट झाला. पुन्हा लागलाच नाही.

पोलिसांनी शोधलं, मच्छीमारांनी होड्या घालून किनारा पिंजून काढला. फोनचं शेवटचं ठिकाण डोंगराच्या एका उतारावर दाखवत होतं. तिथे सरळ तुटलेला कडा आणि काटेरी झाडी. एक म्हातारे मच्छीमार म्हणाले, “जन्म गेला माझा या किनाऱ्यावर. इथं उतरायला वाट नाही. नव्हतीच कधी.” साधी चप्पलसुद्धा सापडली नाही. पोलिसांनी विचारलं, “मग वडिलांना ही जागा सांगितली कुणी?”

म्हटलं, “मी.”

पाय घसरला असेल, समुद्रानं नेलं असेल... हे मलाही म्हणता येतं. पण होडी? होडी फक्त माझ्या डोक्यात होती हो!

वेबसाइटवरून लेख काढायला लावला. आणि घरी स्वतः पुन्हा लिहायला बसलो. त्याच पायऱ्या, पण यावेळी अप्पा चढून वर येतात. बस पकडतात. आमचं फाटक उघडून ‘कॉफी टाक रे’ म्हणतात. शंभर प्रकारे लिहिलं. लिहून झालं की दाराशी जाऊन उभा राहतो. कुणी येत नाही. वेडेपणा आहे, मला कळतं.

गेल्या महिन्यात अक्का आली, माझी मोठी बहीण. म्हणाली, “दोन वर्षं झाली रे. टी. नरसीपूरला संगमावर क्रिया करून टाकूया. अप्पा असे मध्येच राहिलेत, मला सहन होत नाही. देवळाच्या फळ्यावर लावायला चार ओळी लिही. तूच लिहिणारा आमच्यात.”

बसलो लिहायला. अप्पांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढे ‘यांना देवाज्ञा झाली’ एवढंच हवं होतं. हात चालेना. ते परत आले असं मी इतक्यांदा लिहिलं, ते एकदाही खरं झालं नाही. हे लिहिलं तर मात्र खरं होईल.

यामागचं कारण कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मला आजवर एकही पटलेलं नाही. अक्का दर रविवारी फोन करून विचारते, “लिहिलास काय रे?”

मी म्हणतो, लिहितोय.